एरॉल मॉरिसचे पहिले दोन माहितीपट, क्रायटेरियन ब्लू-रे: काही महिने वापरल्यानंतर

घेण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा. अमेरिकन माहितीपटकार एरॉल मॉरिसच्या दोन फिल्मची ही डिस्क क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने काढली आहे. ब्लू-रे डिस्क आणि प्लेअर जगाच्या ठराविक भागांपुरते, म्हणजे रीजनपुरते, बांधलेले असतात; ही डिस्क रीजन ए ची आहे आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन सी चे असतात. सगळ्या रीजनच्या डिस्क चालवणारा प्लेअर घरात नसेल तर पैसे वाया जातील. माझ्याकडे तसा प्लेअर आहे, आणि डिस्क अमेरिकेहून सुट्टीला येणाऱ्या भाच्याकरवी मागवली. सबटायटल्स फक्त इंग्रजीत आहेत. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी ती चालू ठेवा, विशेषतः दुसऱ्या फिल्मला, ‘व्हर्नन, फ्लोरिडा’ला. फ्लोरिडाच्या त्या कोपऱ्यातले म्हातारे शब्द असे तोंडातल्या तोंडात घोळवतात की सबटायटल्स नसतील तर निम्मी मजा हातची जाते.

संचात दोन फिल्म आहेत: ‘गेट्स ऑफ हेवन’ (१९७८) आणि ‘व्हर्नन, फ्लोरिडा’ (१९८१). पहिली साधारण दीड तासाची, दुसरी तासाभराच्या आतली. ही आवृत्ती २०१५ ची, मॉरिसच्या मान्यतेने नव्याने २के रिस्टोरेशन (मूळ फिल्मची डिजिटल दुरुस्ती) करून काढलेली. चित्र उत्तम आहे. नापा खोऱ्यातलं हिरवं गवत, माणसांच्या मागच्या भिंतींचे आणि पडद्यांचे सत्तरच्या दशकातले रंग, सगळं स्वच्छ दिसतं, आणि तरी फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातले मूळचे बारीक कण, पुसून गुळगुळीत केलेला नाही. आवाज मोनो आहे. माणसं बोलतात आणि आपण ऐकतो, एवढंच काम असल्याने त्यात काही कमी वाटत नाही.

‘गेट्स ऑफ हेवन’ पाळीव प्राण्यांच्या दफनभूमीवर आहे. कॅलिफोर्नियात लॉस आल्टोसला फ्लॉइड मॅक्लुअर नावाच्या गृहस्थाने अशी जागा सुरू केली. लहानपणी त्याचा कुत्रा गाडीखाली सापडून गेला, तेव्हापासून ही कल्पना त्याच्या डोक्यात होती. पुढे जमीन हातातून गेली आणि पुरलेले सुमारे साडेचारशे प्राणी उकरून नापा खोऱ्यात हार्बर्ट्स कुटुंबाच्या दफनभूमीत हलवावे लागले. या बातमीचा मथळा वाचून मॉरिस कामाला लागला. विषय ऐकून कुणीही हसेल. हसू येतंच, पण ते टिकत नाही. मेलेली जनावरं उकळून चरबी काढणाऱ्या कारखान्याचा माणूस हसत हसत आपला धंदा समजावतो, आणि त्याच्यानंतर मॅक्लुअरचा चेहरा पाहिला की या माणसाने कशासाठी सगळं पणाला लावलं ते कळतं. एक बाई विचारते, कुत्रा मेलेला समोर आहे, पण त्याला हलवणारं जे काही होतं ते कुठे गेलं? आपल्याकडे कीर्तनात हाच प्रश्न येतो. इथे तो घरच्या कपड्यात, कुठलाही आव न आणता येतो, म्हणून जास्त लागतो.

दारात बसलेल्या फ्लॉरेन्स रासमुसेन या आजींसाठी तर मी डिस्क पुन्हा पुन्हा लावते. दफनभूमीशी त्यांचा संबंध असून नसल्यासारखा. त्या मुलाबद्दल तक्रार करतात, मग तो मुलगा नसून नातू असल्याचं निघतं, मग त्याला गाडीसाठी दिलेले पैसे, मग हरवलेलं मांजर. एक वाक्य मागच्याला खोडत जातं. कॅमेरा हलत नाही, मधे कुणी प्रश्न विचारत नाही. वाड्यात, चाळीत अशी माणसं आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत. त्यांना इतका वेळ देऊन ऐकणारं मात्र कुणी नव्हतं.

थिएटरात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट बघत वाढलेल्या पिढीला हा फरक चटकन जाणवेल. तिथे निवेदकाचा भारदस्त आवाज सगळं सांगून मोकळा व्हायचा. इथे निवेदक नाही, आणि कुणावर हसायचं, कुणाची कीव करायची हे कुणी सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि दर वेळी माझं उत्तर थोडं बदलतं. समीक्षक रॉजर ईबर्टने ही फिल्म आपल्या सार्वकालिक दहांत धरली. अनेकदा पाहिल्यावर मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

फ्लोरिडातल्या व्हर्नन या छोट्या गावावरच्या ‘व्हर्नन, फ्लोरिडा’ला कथाच नाही. विम्याच्या पैशासाठी हातपाय तोडून घेणाऱ्या गावकऱ्यांवर मॉरिसला फिल्म करायची होती, पण जिवावरच्या धमक्या आल्यावर तो विषय सोडला आणि गावातली इतर माणसं घेतली. पोलीस गाडीत बसून वाट पाहतो. एक जोडपं न्यू मेक्सिकोहून आणलेली वाळू बरणीत वाढतेय असं मनापासून सांगतं. गांडुळं पाळणारा पुस्तकांतली माहिती चुकीची ठरवतो. आणि हेन्री शिप्स, टर्की पक्ष्यांचा शिकारी! मारलेल्या पक्ष्यांचे पाय आणि छातीवरचे केसांचे झुपके त्याने फळीवर लावलेत, आणि त्यातल्या एकेकाची शिकार तो अशी सांगतो की श्वास रोखून ऐकावं. महिने जातील तशी ही फिल्म माझ्यासाठी मोठी होत गेली. आता तीच जास्त लावली जाते.

जोडीला लेस ब्लँकची ‘वर्नर हर्झॉग ईट्स हिज शू’ (१९८०) ही छोटी फिल्म आहे. मॉरिसने ‘गेट्स ऑफ हेवन’ पुरी केली तर बूट खाईन असं जर्मन दिग्दर्शक हर्झॉग म्हणाला होता, आणि बर्कलीत त्याने लसूण घालून शिजवलेला बूट खरोखर प्रेक्षकांसमोर खाल्ला. मॉरिसच्या नव्या मुलाखती आणि समीक्षक एरिक हाइन्सचा लेखही आहे. मुलाखती फिल्म पाहून झाल्यावरच बघा. फिल्ममधल्या माणसांचं पुढे काय झालं यावर काही असतं तर मला आवडलं असतं.

एका बैठकीत दोन्ही पाहू नका. आणि मॉरिस नवा असेल तर ‘द थिन ब्लू लाइन’ (१९८८) पासून सुरुवात करायचा मोह आवरा. त्या फिल्ममुळे खुनाच्या आरोपात अडकलेला निरपराध माणूस सुटायला मदत झाली, म्हणून सगळे तीच आधी सुचवतात. पण माणसाला अखंड बोलू देण्याची जी ताकद तिथे कामी आली, ती या दोन फिल्ममध्ये घडताना दिसते. आधी ही डिस्क घ्या.