मॅक्रो लेन्सऐवजी एक्स्टेन्शन ट्यूब: अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो, कारण अर्धे लोक तेवढाच वाचतात. फुलांचे फोटो शिकायचेत, हातात साधा डीएसएलआर आणि ५० एमएम एफ/१.८ लेन्स आहे, आणि मॅक्रो लेन्सचा (अगदी लहान वस्तू जवळून मोठ्या टिपणाऱ्या लेन्सचा) खर्च झेपणारा नाही, तर ट्यूबचा सेट बिनधास्त घ्या. फुलपाखरं, चतुर वगैरे उडणारं काही काढायचं असेल तर घेऊ नका.

ट्यूब म्हणजे नुसती पोकळ कडी, आत काच नाही. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवली की लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि अगदी जवळचं फोकस होतं. माझ्या सेटमध्ये १३, २१ आणि ३१ एमएमच्या तीन आहेत. हिशेब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, तेवढं मॅग्निफिकेशन वाढतं, म्हणजे सेन्सरवर पडणारं चित्र वस्तूच्या खऱ्या मापाच्या किती पट ते. ३१ भागिले ५० म्हणजे ०.६२. माझ्या लेन्सचं मूळचं ०.२१ धरलं की ०.८३, म्हणजे जेमतेम पावणेतीन सेंटिमीटरचा तुकडा अख्खी फ्रेम भरतो. किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळते त्या) लावायच्या भानगडीत पडू नका. १८ एमएमवर ३१ची ट्यूब चढवली की फोकस जवळजवळ पुढच्या काचेवरच येतो.

घेताना इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट आहेत का तेवढं बघा. अगदी स्वस्तातल्या, बिनकॉन्टॅक्टच्या ट्यूबवर आजकालच्या बहुतेक लेन्सचं ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं भोक; एफचा आकडा वाढला की ते लहान होतं) बदलता येत नाही, ते उघडंच राहतं. आणि उघड्या ॲपर्चरवर इथे काही हाती लागत नाही. ०.८३ला एफ/१.८वर शार्प पट्टा मिळतो मिलीमीटरचा पाचवा हिस्सा, एफ/८वरसुद्धा एक मिलीमीटर पुरा नाही. जास्वंदीच्या दांड्याच्या टोकाला पाच मखमली ठिपके असतात ना, त्यांतला एक धरला की उरलेले धूसर. मी एफ/८ ते एफ/११मध्येच राहतो. त्यापुढे डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्याने, सगळाच फोटो मऊ पडायला लागतो. त्यापेक्षा कॅमेरा फुलाच्या पाकळीला समांतर धरला की फरक जास्त पडतो. ऑटोफोकस विसरा, नुसता मागेपुढे करत बसतो. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) १० पट मोठा करायचा, फोकस रिंगला हात लावायचा नाही, आपणच केसभर पुढे-मागे व्हायचं.

दुसरी किंमत उजेडाची. या मॅग्निफिकेशनला जवळजवळ पावणेदोन स्टॉप प्रकाश कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर तो धरून घेतं, पण शटर मंदावतं. आमचं कुळागर, म्हणजे बागायत, गोव्यात फोंड्याकडे. माडा-पोफळींखाली श्रावणात भर दुपारी बारालाही संध्याकाळ वाटते. तिथे मिरवेलीच्या तुऱ्यांचे फोटो काढायला गेलो की एफ/८ आणि १/२५० सेकंदाच्या शटरसाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००वर जातो. जाऊ द्या. दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो कशानेच सुधारत नाही. शिवाय पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो, त्यामुळे पांढरं फूल आजारी दिसतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, घरी येऊन नीट करा.

सेटिंगमधली सगळ्यात कामाची गोष्ट मला ट्यूबने नाही, परसातल्या तगरीने शिकवली. मीटरला समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचंच वाटतं. म्हणून फ्रेमभर तगर किंवा अनंत असला की फोटो राखाडी येतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरपेक्षा उजेड मुद्दाम कमी-जास्त करणं) प्लस १ करायचं. लाल जास्वंदीचं उलट. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) व्यवस्थित दिसतो, पण लाल रंगाचा चॅनेल कधीच फुटलेला, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला असतो आणि पाकळीवरच्या शिरा जाऊन प्लॅस्टिकचं फूल उरतं. तिन्ही रंग वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू ठेवा आणि मायनस २/३पासून सुरुवात करा. फुलांचे फोटो पहाटेच काढा, वारा पडलेला असतो. स्पर्धा फक्त शेजारच्या काकींची. त्या परडी घेऊन उभ्याच असतात: “झालं का रे तुझं? देव खोळंबलाय.”

ट्यूबचे पैसे खरे वसूल झाले ते सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर. पावसाळ्यात जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत जे उगवतं ते उभ्याने दिसतच नाही. कवल्याचं पिवळं फूल, सीतेची आसवं, आणि माझं लाडकं ड्रॉसेरा, म्हणजे दवबिंदू. त्याच्या दोऱ्यासारख्या पानावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. ३१च्या ट्यूबमधून त्या थेंबात ढगाळ आभाळाचा पांढरा डाग दिसतो, आणि एखाद्या थेंबाला चिकटलेलं चिलट. ऊन नसलेलंच बरं. ढग म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स, उजेड मऊ करणारा. माझ्या कॅमेऱ्याची स्क्रीन फिरत नाही, त्यामुळे पोटावर झोपावं लागतं. घेणार असाल तर फिरणाऱ्या स्क्रीनचा घ्या. आणि झोपण्याआधी खाली काय उगवलंय ते बघा.

तक्रारी आहेत. तिन्ही ट्यूब एकावर एक लावल्या की माउंट (लेन्स बसते ती कडी) किंचित हलतो आणि लेन्स नाक खाली करते. कॉन्टॅक्ट दमट हवेत रुसतात. मग कॅमेरा एरर देतो. सुक्या सुती कापडाने पुसले की तेवढ्यापुरतं ठीक होतं. तिन्ही मिळून लेन्स फुलाच्या इतकी जवळ जाते की आपलीच सावली पडते, म्हणून मी एका वेळी एकच लावतो.

आपल्याकडे ट्यूबपेक्षा मोठा प्रश्न बुरशीचा. एसी खोलीतून थेट अंगणात नेलं तर काचेवर वाफ धरते. बॅगेतच बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. घरी आल्यावर लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ओल धरली की कळतं, आणि कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. कढई मात्र वेगळी ठेवा, स्वयंपाकाची नको.