बीप देणारा बोर्ड मेलेला नसतो : जुन्या कॉम्प्युटरच्या दुरुस्तीच्या नावाखाली मला १३,४०० रुपयांना लुबाडलं

सातारा-कराडकडच्या डीटीपीवाल्यांनी आणि ज्यांच्या घरी एखादा जुना पीसी पडून आहे त्यांनी हे जरूर वाचा. व्हिजिटचे ४५०, 'मदरबोर्ड रिपेअर'चे ३,८००, एसएमपीएसचे (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचे) १,६५० आणि 'डेटा रिकव्हरी'चे ७,५००. एकूण १३,४०० रुपये गेले. खरं काम होतं खोडरबरचं आणि ४० रुपयांच्या सेलचं.

मशीन पेंटियम फोर, त्यावर विंडोज एक्सपी. एवढं जुनं कशाला ठेवलंत, असं मला पोलीस ठाण्यातही विचारलं, म्हणून सांगतो. त्याच्या मागे पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या सॉकेटला, श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल होता (ही त्याची किल्लीच, ती लावल्याशिवाय ते चालत नाही) आणि आत पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या वर्षानुवर्षांच्या फायली. ते फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीचे नव्हेत. तीच फाईल नव्या मशीनवर नुसती उघडली तर मराठीच्या जागी कचरा दिसतो. एका संस्थेची स्मरणिका हातात होती, जुन्या अंकाची पानं त्याच मशीनमध्ये होती आणि कार्यक्रमाची तारीख ठरलेली होती.

गाळ्याचा करार संपला तेव्हा सामान पाचगणीला मेहुण्यांच्या बंद घरात ठेवलं होतं. तिथला पावसाळा आणि त्यावर वरची थंडी मशीनने काढली. जानेवारीत साताऱ्याला आणून लावलं, तर पंखा फिरला, स्क्रीन काळीच राहिली आणि आतून बीप. लांब बीप, जरा थांबून पुन्हा लांब बीप.

आमचा नेहमीचा मेकॅनिक बाहेरगावी होता. गिऱ्हाईक रोज फोन करत होतं. म्हणून नेटवर सापडलेल्या नंबरवर फोन केला. नावापुढे भरपूर स्टार, खाली कौतुकाचे अभिप्राय. आलेला माणूस टापटीप, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग. कुणीही विश्वास ठेवला असता. दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "साहेब, थंडीने बोर्ड गेलाय. लॅबला न्यावा लागेल." कॅबिनेट उचललं. डोंगल मागे लावलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर फोटो आला : फुगलेले कपॅसिटर (बोर्डावरचे छोटे डबीसारखे भाग), बाजूला जळाल्याचा डाग. त्या काळातल्या बोर्डांचे कपॅसिटर फुगतात हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे गोष्ट खरी वाटली. पण फोटोतला बोर्ड हिरवा होता. माझा बोर्ड लाल. लालभडक! कॅबिनेट उघडून त्यातली धूळ मी स्वतःच्या ब्रशने काढलेली आहे. फोटो बोटांनी मोठा करून मी ते कपॅसिटर बघत बसलो आणि त्यांच्याखालचा रंग माझ्या नजरेत भरला नाही. ३,८०० पाठवून दिले. आजही तो फोटो उघडला की अंगाची आग होते. ज्याच्या डोक्यावर डेडलाईन आहे त्याला नेमकी कुठली गोष्ट दाखवायची, हे या लोकांना पक्कं कळतं.

दुसरी खूण तर त्याच्याही आधी कानावर पडत होती. बीप वाजवायची तर प्रोसेसरला बायोस, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, चालवावा लागतो. म्हणजे बोर्ड जिवंत, प्रोसेसर जिवंत, एसएमपीएस वीज देतोय. तशी लांब बीप पुन्हा पुन्हा येणं ही बहुतेक जुन्या बोर्डांवर रॅम (मेमरीची पट्टी) सापडत नसल्याची तक्रार असते. बीप ऐकून जो "बोर्ड मेला" म्हणेल, त्याला तिथूनच परत पाठवा.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आधी एसएमपीएस, मग "हार्ड डिस्क करप्ट आहे, पुण्याला पाठवतो, पैसे आधी द्यावे लागतील". यूपीआयवर नाव भलतंच यायचं. विचारलं तर "पार्टनरचं खातं आहे". नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका.

मी प्रेसला गेलेलो असताना एक पोरगा कॅबिनेट आणून घरी बायकोकडे देऊन गेला. मशीन सुरू होत होतं, पण आत कोरं एक्सपी. आमचा मेकॅनिक परतल्यावर त्याने ते उघडलं. बोर्ड माझाच, तोच लाल, कुठेही सोल्डरिंग केल्याची खूण नाही. एसएमपीएस माझाच, वर नवं स्टिकर. ५१२ एमबीच्या दोन रॅम गायब, त्यांच्या जागी २५६ची एक. ८० जीबीची हार्ड डिस्क गायब, तिथे ४०ची. आणि डोंगल? फोनवर उत्तर मिळालं, "कुठला डोंगल? नव्हताच."

मेकॅनिकने रॅमचा रिकामा स्लॉट दाखवला. पिनांवर हिरवट थर चढलेला होता. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मीटरवर पूर्ण उतरलेला, ३ व्होल्टचा सेल दोनलाही पोचत नव्हता. स्लॉट साफ केला, दुकानातली जुनी रॅम खोडरबरने घासून बसवली, नवा सेल टाकला. मशीन उठलं, सीमॉस चेकसम एररचा (सेल उतरल्याने जपलेली सेटिंग गेल्याचा) संदेश आला, एफ१ दाबलं, संपलं. माझ्या देखत.

थंड जागेतून आणलेलं मशीन लगेच लावू नये, असं तो म्हणाला. फ्रिजमधल्या बाटलीवर पाणी सुटतं तसं थंड पत्र्यावर आणि बोर्डावर दव धरतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं तसंच एक दिवस खोलीत राहू द्यावं, मग उघडावं. बऱ्याच हार्ड डिस्क तर ५ अंशांच्या खाली चालवायच्याच नसतात. मशीन कुणाच्याही हाती देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या, चार स्क्रू असतात. निदान तिच्या सीरियल नंबरचा आणि बोर्डाचा फोटो तरी काढा.

आता पोलीस. ठाण्यात पहिला प्रश्न, "जुन्या कॉम्प्युटरची किंमत ती किती?" मग "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." मग "नेटवरून नंबर घेतलात ना, सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या हाताने मशीन दिलंत, हे आमच्यात बसत नाही." बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. ज्या साईटवर नंबर मिळाला तिथे तक्रार केली, तर 'धन्यवाद' असा मेल आला. नंबर अजून तिथेच आहे, स्टार वाढलेत. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही हे खरं, पण नोटीस बजावायला समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता शोधायचा कुणी? मोबाईल नंबर आणि यूपीआय आयडी माझ्याकडे आहे. त्यावरून माणूस शोधणं पोलिसांना अशक्य आहे का? विश्वासाने दिलेली वस्तू गिळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६खाली गुन्हा आहे आणि फसवणूक कलम ३१८खाली. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती दिली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. मी तसं म्हटल्यावर हवालदारांनी "वकील आहात का?" असं विचारलं. अर्जाच्या माझ्या प्रतीवर शिक्का मारायलाही नकार! शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. मी हललो नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)खाली आता पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार स्पीड पोस्टाने पाठवली आहे. तिथे काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाणार.

सातारा, कोरेगाव, फलटण, कराड, कुठेही कुणी स्वस्तात श्रीलिपीचा जुना पॅरलल पोर्टचा डोंगल विकायला आणला तर उलटा करून बघा. माझ्या डोंगलवर मागच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने 'स २' लिहिलेलं आहे. दिसला तर विकणाऱ्याचा फोटो घ्या आणि मला कळवा.