एनएसएस : २४० तास वसूल होतात का?

कॉलेजात प्रवेश झाला की पहिला प्रश्न, एनएसएस घ्यायचं की एनसीसी? कवायतीची आवड असेल, सैन्यात जायचं मनात असेल तर एनसीसी, विषय संपला. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, मात्र पारखून घ्यावी. नियम देशभर एकच, पण माल कॉलेजागणिक वेगळा.

१९६९ साली, गांधी जन्मशताब्दीत, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. हिशेब सोपा आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर. तास भरले पण शिबिर चुकलं, तर प्रमाणपत्र नाही. हे बऱ्याच जणांना तिसऱ्या वर्षी कळतं. बिल्ल्यावर कोणार्कचं चाक आहे, त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, म्हणजे चोवीस तास सेवेला तयार. प्रत्यक्षात रॅली, पाहुण्यांचा सत्कार आणि बॅनरसमोरचा फोटो यातच निम्मे तास 'भरले' जातात. तरी कार्यदैनंदिनीवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, त्या त्या दिवशीच सही घ्या. वर्षअखेर सगळे एकदम सहीला धावतात आणि तारखा जुळत नाहीत.

खरी किंमत वसूल होते ती शिबिरात. एका युनिटात, म्हणजे कॉलेजच्या एनएसएस गटात, साधारण १०० स्वयंसेवक असतात, त्यातले ५० शिबिराला जातात. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा देवळात. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. व्याख्यानात अर्धी मुलं डुलक्या काढतात, त्यात त्यांचा दोष नाही.

श्रमदानातलं लाडकं काम म्हणजे वनराई बंधारा, ओढ्याचं पाणी अडवणारा पोत्यांचा तात्पुरता बांध. सिमेंटची रिकामी पोती माती किंवा वाळूने दोन तृतीयांश भरायची, तोंड सुतळीने शिवायचं. काठोकाठ भरलेलं पोतं गोल होतं, बसत नाही, फटी राहतात. विटांच्या भिंतीसारखे सांधे मोडत थर रचायचे, पाया रुंद ठेवायचा, पाणी येतं त्या बाजूच्या फटी चिकणमातीने लिंपायच्या. एवढं केलं की पाणी अडतं. पण बंधाऱ्याची वेळ पावसाळा सरल्यावरची, ओढा वाहता असताना. आणि शिबिरं बहुधा सत्र परीक्षेनंतर, डिसेंबर-जानेवारीत. तोवर बऱ्याच ओढ्यांत अडवायला पाणीच नसतं. कोरड्या ओढ्यात पोती रचून फोटो काढणारं युनिट दिसलं, तर ते काम गावाने मागितलेलं नाही असं खुशाल समजा. जानेवारीतच जायचं असेल तर शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारे खड्डे, घ्यावेत. सांडपाण्याचा त्रास बारमाही असतो.

नेतृत्व शिकायचं तर भाषणाऐवजी भोजन गट मागून घ्या. ५० जणांच्या नाश्त्याला ४ किलो पोहे पुरतात. भाताला मात्र माणशी १०० ग्रॅम तांदूळ हा घरचा हिशेब चालत नाही. खोरं मारून आलेल्या पोरांना पोळ्या कमी असतील तर ७ किलो तांदूळ धरावा, वरणाला अडीच किलो तूरडाळ. पहिल्या दिवशी भात हमखास कमी पडतो आणि दुसऱ्या दिवशी घाबरून टोपभर उरतो. भांडी कोण घासणार यावरून गटप्रमुखाची जी परीक्षा होते, ती कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळेत होत नाही.

सगळ्यात कच्चा भाग म्हणजे गावाचं सर्वेक्षण. घरोघरी फॉर्म भरले जातात, संडास किती, पाण्याची सोय काय, शाळा सोडलेली मुलं किती. मग गठ्ठा कॉलेजच्या कपाटात जातो. शेवटच्या दिवशी हेच आकडे ग्रामपंचायतीपुढे वाचून दाखवणारी युनिटं थोडी, पण तीच घ्यावीत.

पाचपैकी गुण द्यायचे तर योजनेला चार, सरासरी अंमलबजावणीला अडीच. काही विद्यापीठांत वाढीव गुण किंवा क्रेडिट मिळतात, पण तेवढ्यासाठी सात दिवस सतरंजीवर झोपू नये.

नाव नोंदवण्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्यांना, म्हणजे युनिट सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना, विचारा, सर, युनिटने कामासाठी दत्तक घेतलेलं गाव किती वर्षं तेच आहे? मुलींसोबत मुक्कामी मॅडम असतात का, संडास-बाथरूमची सोय काय? मग गेल्या शिबिराचा अहवाल बघायला मागा. किती पोती, किती खड्डे, किती घरं हे आकड्यांत लिहिलेलं असेल तर लगेच फॉर्म भरा. पानोपानी शाल-श्रीफळच दिसलं तर वाचनालयात बसलेलं बरं.