लिहायला मस्त, शेअर करताना मात्र दमछाक: पब्लिशिंग टूल बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

आम्ही चार-पाच जण मिळून एक छोटं ऑनलाइन मासिक चालवतो, शेती, गावाकडचा इतिहास, अधूनमधून कथा, सगळं मराठीत. मागच्या पावसाळ्यापासून ते एका सबस्क्रिप्शनवाल्या पब्लिशिंग टूलवर आहे. नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण पुढे जे लिहितेय ते थोड्याफार फरकाने अशा बऱ्याच टूल्सना लागू पडतं.

आधी चांगलं सांगते. एडिटर खरंच सुटसुटीत आहे, मोबाइलवर लिहिलेला ड्राफ्ट लॅपटॉपवर तसाच उघडतो, रेंज गेली तरी मजकूर जात नाही, शेड्यूल केलेला लेख वेळेवर लागतो. लिहिण्याच्या बाबतीत तक्रार जवळजवळ नाही.

त्रास सुरू होतो तो लेख लोकांपर्यंत पोचवताना. आमचा वाचक वेबसाइट उघडून येत नाही, तो व्हॉट्सॲपवरून येतो, गावाचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, भावकीचा ग्रुप. आणि तिथे पहिली अडचण लिंकची. शीर्षक मराठीत दिलं की टूल त्याचीच लिंक बनवतं, ब्राउझरमध्ये ती छान मराठीत दिसते पण कॉपी करून ग्रुपवर टाकली की टक्क्याच्या खुणा आणि आकड्यांची लांबलचक माळ होते. कारण साधं आहे, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट (साठवणीची एककं) घेतं, काना-मात्रा पण वेगळी धरून, आणि लिंकमध्ये एकेका बाइटची ३ कॅरेक्टर होतात, म्हणजे नुसतं 'ऊसतोड' लिहिलं तरी ४५ कॅरेक्टर झाली. सायबर फसवणुकीच्या बातम्या वाचून लोक आधीच धास्तावलेत, अशी लिंक बघून "हे उघडायचं का नको" असं विचारणारे फोन आम्हाला आलेत. लिंक हाताने बदलता येते, पण ती सोय ॲडव्हान्स्ड सेटिंगच्या पोटात आहे. पब्लिश दाबायच्या आधी टूलने सरळ विचारावं, ही छोटी रोमन लिंक देऊ का, आणि नंतर बदलली तर जुनी लिंक आपोआप नवीनवर न्यावी, एवढंच हवंय.

दुसरं प्रिव्ह्यू कार्ड, म्हणजे लिंक टाकली की तिच्यासोबत दिसणारी चित्र-शीर्षकाची चौकट. फेसबुकने २०१० मध्ये ओपन ग्राफ नावाची पद्धत आणली तेव्हापासून लिंकसोबत चित्र, शीर्षक आणि दोन ओळी कुठून घ्यायच्या हे ठरलेलं आहे, चित्र साधारण १२००×६३० म्हणजे आडवं लागतं. आमची मुखपृष्ठं मासिकासारखी उभी. मग कार्डात माणसाचं डोकं कापलेलं. बरं, एकदा चुकीचं कार्ड गेलं की फेसबुक तेच साठवून ठेवतं, मग त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये जाऊन लिंक परत वाचायला लावायची, हे किती जणांना माहीत असणार? पब्लिशच्या आधीच व्हॉट्सॲपवर असं दिसेल, फेसबुकवर असं, एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) असं, हे दाखवा आणि चित्र कुठे कापायचं ते आम्हाला ठरवू द्या.

मराठीचा म्हणून जो खास त्रास आहे त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. आमचे एक ज्येष्ठ लेखक जुन्या पद्धतीने टाइप करतात, त्यात 'शेतकऱ्यांना' मधला र जोडायला एक न दिसणारं जोडचिन्ह पडतं. त्यांचा मजकूर टूलमध्ये पेस्ट केला की टूल 'फॉरमॅटिंग साफ' करतं आणि ते चिन्ह उडवतं, मग अख्ख्या लेखात 'शेतकर्यांना'. शेतीवरच्या लेखात हा शब्द किती वेळा येतो विचार करा, सगळं परत वाचून हाताने दुरुस्त करायचं. काही जण अजून श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फायली पाठवतात (युनिकोड म्हणजे आता सगळ्या फोन-संगणकांवर चालणारी अक्षरांची पद्धत), त्यांना इथे दारच नाही, बाहेरच्या कन्व्हर्टरमधून काढून परत तपासायचं. मराठी वापरणाऱ्यांकडून पैसे घेता तर इम्पोर्टमध्येच युनिकोड कन्व्हर्टर द्यायला हवा, हे मला अगदी मनापासून वाटतं.

ऑटोपोस्टचंही, म्हणजे टूल आपोआप सोशल मीडियावर टाकतं त्या पोस्टचंही, तसंच. एक्सची साध्या खात्याला मर्यादा २८० कॅरेक्टर, तिथे काना-मात्रा-हलन्त वेगळे मोजले जातात, 'क्षि' एकटाच ४ खातो. आमचं टूल सरळ २८० ला कात्री लावतं, शब्दाच्या मधोमध, कधी पाय मोडलेलं अक्षर शेवटी लटकतं. निदान पूर्ण शब्दावर तरी तोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉट्सॲपवर लोक लिंक नाही, मजकूर फिरवतात. पूर्ण लेख कॉपी होतो, दोन-तीन ग्रुप फिरला की खालचं नाव गळतं. आमच्या एका लेखिकेने आईच्या हातच्या उन्हाळी वाळवणांवर लिहिलेला लेख तिच्या स्वतःच्या माहेरच्या ग्रुपवर आला, खाली 'लेखक अज्ञात'. ती इतकी दुखावली की दोन अंक काही लिहिलंच नाही तिने. हे थांबवता येणार नाही, पण टूल मदत नक्की करू शकतं. 'व्हॉट्सॲपसाठी कॉपी' असं एक बटण द्या, त्यात शीर्षक दोन्ही बाजूंना चांदणी लावून ठळक, त्याच्या लगेच खाली लेखकाचं नाव, मग मजकूर, मध्ये कुठेतरी परत नाव आणि छोटी लिंक. नाव शेवटच्या ओळीत ठेवूच नका, पहिली उडते ती तीच ओळ. सध्या हे आम्ही प्रत्येक लेखाला हाताने करतो आणि तेव्हापासून नावासकट परत आलेले फॉरवर्ड स्पष्ट वाढलेत. लेखात नंतर काही दुरुस्ती झाली तर त्या लिंकवर वरच तारखेसकट दिसावी, कारण फिरणारा मजकूर काही आपण मागे घेऊ शकत नाही.

आरएसएस फीड (नवे लेख वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप पोचवणारी सोय) आहे, चालतं. एक्सपोर्ट मात्र अर्धवट, मजकूर मिळतो पण फोटो येत नाहीत, आणि मासिकाचं सगळं दप्तर दुसऱ्याच्या सर्व्हरवर असताना हे मला पटत नाही.

सपोर्टला हे सगळं स्क्रीनशॉट लावून कळवलंय. जोडचिन्हाचं बघतो म्हणालेत, फोटोंचा एक्सपोर्ट यादीत आहे म्हणे, व्हॉट्सॲपच्या बटणावर अजून उत्तर नाही. वर्षाचा प्लॅन स्वस्त पडतो पण तोवर आम्ही महिन्याचाच घेतोय.