पोस्टपेड चालू ठेवायचं की पोर्ट करायचं? मुंबईतल्या मोबाइल सेवेची पारख

फक्त बिल जास्त येतं म्हणून नंबर तोच ठेवून कंपनी बदलणार, म्हणजे पोर्ट करणार असाल, तर थांबा. घरात किंवा कामाच्या जागी आवाज तुटतो म्हणून बदलणार असाल, तर वेळ घालवू नका. मुंबईत जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही खासगी सेवांचे दर एकमेकांच्या इतके जवळ आले आहेत, की एकट्या माणसाला कंपनी बदलून फारसं काही वाचत नाही. पैसे वाचतात ते प्लॅन बदलून, आणि त्यासाठी बहुतेकदा आहे त्याच कंपनीत राहून चालतं.

जुलै २०२४ च्या दरवाढीत ठरलेले आकडे घेऊ. एअरटेलचा सुरुवातीचा पोस्टपेड ४४९ रुपये, व्हीआयचा ४५१. जिओचा ३४९ पासून सुरू होतो, पण त्यात महिन्याला ३० जीबी मिळतात. ७५ जीबी हवे असतील तर तिथेही ४४९. पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो आणि प्रीपेडच्या दरात तो आधीच धरलेला असतो. तुलना करताना सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ४४९ चं बिल प्रत्यक्षात ५२९.८२ येतं, म्हणजे वर्षाला जवळपास ६,३५८ रुपये. त्याच दरवाढीत एअरटेलचा ३६५ दिवसांचा, रोज २ जीबीचा प्रीपेड पॅक ३,५९९ ला ठरला. कंपनी तीच, सिम तेच, टॉवर तोच, आणि वर्षाचा फरक पावणेतीन हजारांच्या वर. याउलट एअरटेलचा ४४९ सोडून व्हीआयचा ४५१ घेतला, तर महिन्याला २ रुपये ३६ पैसे जास्तच जातील. दर अधूनमधून हलतात, म्हणून आजचा आकडा कंपनीच्या ॲपमध्ये पाहून घ्या. हिशेबाची रीत मात्र हीच ठेवा.

मग पोस्टपेड कुणी ठेवावं? परदेशी जाणं-येणं असलेल्यांनी, कंपनीकडून बिलाची भरपाई मिळणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या प्लॅनमधलं ओटीटी घरात खरोखर पाहिलं जातं त्यांनी. बाकीच्यांनी त्याच कंपनीच्या ॲपमधून प्रीपेडवर जावं. ओटीपी देऊन घरबसल्या होतं, सिमही बदलावं लागत नाही. नंतर मन बदललं तर लगेच उलट फिरता येत नाही, मधे सक्तीचा कालावधी जावा लागतो. तेव्हा निदान तीन महिन्यांचा विचार करून बदला. प्रीपेडवर गेल्यावर २८ दिवसांच्या पॅकच्या नादी लागू नका. महिने बारा, पण असे रिचार्ज वर्षाला तेरा होतात.

घरच्या ज्येष्ठांच्या नंबरासाठी वेगळा हिशेब. दूरसंचार नियामक ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानंतर प्रत्येक कंपनीला फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला पॅक ठेवावा लागतो. त्या नियमानंतर आलेला एअरटेलचा वर्षाचा पॅक १,८४९ रुपयांचा, जिओचा १,७४८ चा. दुसरा स्वस्त वाटतो, पण त्याची मुदत ३३६ दिवस आहे. दिवसाला भागून पाहिलं तर एअरटेल ५.०७ आणि जिओ ५.२० पडतो. पॅकची किंमत नेहमी अशी दिवसावर आणूनच पाहा. वडिलांकडे जुना साधा बटणांचा टूजी फोन असेल तर जिओचं सिम त्यात चालणारच नाही, कारण जिओकडे टूजी-थ्रीजी मुळातच नाही.

दरासाठी कंपनी बदलणं परवडतं ते एकाच ठिकाणी, चार नंबरांच्या कुटुंबात. जुलै २०२४ च्या दरांनुसार एअरटेलचा चार जोडण्यांचा प्लॅन १,१९९, व्हीआयचा १,२०१. जिओचा ४४९ अधिक तीन जादा सिम प्रत्येकी १५० ने, म्हणजे ८९९. जीएसटी धरून १,०६१ विरुद्ध १,४१५. महिन्याला ३५४, वर्षाला चार हजारांच्या वर. मात्र जिओच्या जादा सिमवर प्रत्येकी ५ जीबीच वाढतात. घरात वायफाय असेल तर हा सौदा चांगला. कॉलेजची मुलं दिवसभर मोबाइल डेटावरच असतील तर आधी गेल्या तीन बिलांतला खरा वापर बघा.

आता नेटवर्क. खरा निर्णय इथेच होतो आणि याची तपासणीच लोक टाळतात. शेजाऱ्याला विचारून उपयोग नाही. त्याचा फोन वेगळा, मजला वेगळा, खिडकीची दिशा वेगळी. ज्या कंपनीत जायचं मनात आहे तिचं सर्वात स्वस्त प्रीपेड सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत घाला आणि आठवडाभर सिग्नलचा आकडा बघा. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये फोनची माहिती आणि त्यात सिमची स्थिती उघडली की सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. बहुतेक फोनवर आकडा वजा ९० च्या आसपास किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळ असेल तर निर्धास्त राहा, वजा १०० ला काम चालतं, वजा ११० च्या खाली गेला की कॉल तुटायला लागतात. आयफोनवर *३००१#१२३४५#* लावून कॉलचं बटण दाबलं की हीच माहिती उघडते. दांड्या मोजू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन आपापलं ठरवतो.

मोजायच्या जागा तीन: झोपायची खोली, कामाची जागा आणि रोजचा प्रवास. वेळ सकाळची ऑफिसची आणि रात्री आठ ते दहाची. आकडा वजा ८५ आहे आणि तरी व्हिडिओ अडकतो, तर तिथे गर्दी आहे, टॉवरवर भार आहे. सिग्नल कमी नाही. दादर किंवा घाटकोपरच्या फलाटावर संध्याकाळी असं झालं तर त्यावरून कंपनीला नापास करू नका. तेच घरी रोज रात्री होत असेल तर मात्र करा. कळवा-मुंब्र्यामधल्या पारसिक बोगद्यात आवाज गेला म्हणून कंपनी बदलायचं कारण नाही. भुयारी मेट्रो-३ ची गोष्ट निराळी: बोगद्यात सिग्नल हवा तर आत यंत्रणा बसवावी लागते आणि त्यासाठी कंपन्यांचा करार व्हावा लागतो. ही मेट्रो सुरू झाली तेव्हा नेटवर्क नसल्याच्या तक्रारी गाजल्या होत्या. तुमचा रोजचा रस्ता तोच असेल तर चाचणीचं सिम घेऊन एकदा आरे ते कफ परेड जाऊन या.

मुंबईत आणखी एक भानगड आहे, पुनर्विकास. जुनी इमारत पडली की तिच्या गच्चीवरचा टॉवरही जातो, आणि गल्लीतल्या एका कंपनीचा सिग्नल अचानक बसतो. शेजारी नवी तीस मजली इमारत उभी राहिली की तीही सिग्नलची वाट अडवते. गिरगाव, लालबाग, परळ भागात नेटवर्क एकाएकी बिघडलं असेल तर आधी आजूबाजूची बांधकामं बघा. नव्या उंच इमारतींमध्ये आरसीसी भिंती आणि दुहेरी काचा सिग्नल खातात. सोसायटीने आत कोणत्या कंपनीची यंत्रणा बसवली आहे ते सेक्रेटरींना विचारा, त्या एका उत्तराने आठवड्याची चाचणी वाचू शकते. घरात ब्रॉडबँड असेल तर पोर्ट करण्याआधी फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू करून बघा. तिन्ही कंपन्यांकडे ही सोय आहे, वेगळे पैसे लागत नाहीत, आणि पुष्कळांचा प्रश्न इथेच संपतो.

५जी च्या चिन्हाला भुलू नका. जिओचं ५जी स्वतंत्र जाळ्यावर चालतं आणि त्यात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. कमी वारंवारतेच्या लहरी भिंतींतून जास्त आत शिरतात, त्यामुळे जाड भिंतींच्या घरात याचा फायदा होतो. पण तुमच्या फोनने तो पट्टा धरायला हवा, तेवढं मॉडेलच्या माहितीत तपासा. एअरटेलने मुंबईत ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये ४जी च्या आधारावर सुरू केलं. व्हीआयचं मार्च २०२५ मध्ये आलं. जिओवर अमर्याद ५जी साठी रोज २ जीबी किंवा त्याहून मोठा पॅक लागतो; छोटा पॅक घेऊन नंतर तक्रार करण्यात अर्थ नाही.

चाचणीनंतर जायचं ठरलं, तर पोर्टिंगची सेवा स्वतः कशी आहे? चांगली आहे. २०११ च्या जानेवारीत ती देशभर आली आणि १६ डिसेंबर २०१९ पासूनच्या पद्धतीत बराचसा अडथळा सुरुवातीलाच कळतो. जो नंबर न्यायचा त्याच सिमवरून १९०० वर एसएमएस पाठवायचा: इंग्रजी अक्षरांत पोर्ट, एक मोकळी जागा, मग दहा अंकी नंबर. दोन सिमच्या फोनवरून चुकीच्या सिमने पाठवला जाणं ही नेहमीची चूक. पात्र असाल तर पोर्टिंगसाठी लागणारा आठ अक्षरांचा यूपीसी कोड येतो, नसाल तर नकाराचं कारण येतं. कारणं साधारण ठरलेली: शेवटची तारीख उलटून गेलेलं बिल बाकी, नंबर घेऊन किंवा आधीचं पोर्ट होऊन ९० दिवस न होणं, नावबदल प्रक्रियेत असणं, कंपनीशी करार शिल्लक असणं. जुलै २०२४ पासून आणखी एक भर पडली: हरवलेलं किंवा खराब सिम बदलून घेतलं की ७ दिवस कोड मिळत नाही. सिम चोरून नंबर पळवण्याला आळा बसावा म्हणून हा नियम आहे, आणि तो योग्य आहे.

कोड मुंबईत ४ दिवस चालतो. त्या मुदतीत नव्या कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जा. नंबर ज्याच्या नावावर आहे त्यानेच जायचं. त्याच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या त्याच विभागात, ३ कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमधून ५. मुंबई सर्कल वेगळं आणि महाराष्ट्र-गोवा वेगळं, म्हणून पुण्या-नाशिकचा नंबर मुंबई सर्कलमध्ये आणायचा तर ५ धरा. शुक्रवारी संध्याकाळी अर्ज दिला तर रविवार मोजला जात नाही. सोमवार-मंगळवारी दिलेला अर्ज आठवड्यातच उरकतो. ऑफिसच्या नंबरालाही ५ दिवस आणि कंपनीचं अधिकारपत्र लागतं. नोकरी सोडताना नंबर स्वतःकडे ठेवायचा असेल तर शेवटच्या दिवसाआधी नावबदलाचं काम हाती घ्या. अर्ज दिल्यावर विचार बदलला तर २४ तासांच्या आत १९०० वर रद्द करण्याचा एसएमएस पाठवता येतो.

स्टेशनबाहेरच्या छत्रीखाली पोर्ट करून घेणं सोपं दिसतं, पण दुकानच बरं. 'अंगठा नीट उमटला नाही, परत ठेवा' असं सांगून तुमच्या नावावर दुसरं सिम काढण्याचे प्रकार होतात. काम झाल्यावर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते तपासा. कोड आल्यावर जुन्या कंपनीकडून सवलतीचे फोन येतील. चांगली सवलत असेल तर घ्या, पण ती किती महिन्यांची आहे ते लेखी मागा.

बदल बहुधा रात्री होतो आणि साधारण चार तास सेवा जाते. जुन्या सिमचं नेटवर्क गेलं की नवं घाला. यूपीआय ॲप सिम बदललेलं ओळखतं आणि पुन्हा नोंदणी मागतं. त्यासाठी नव्या सिमवरून एसएमएस जायला हवा, म्हणून पहिल्या रिचार्जमध्ये एसएमएस आहेत ना ते बघा. हप्ता कापायच्या किंवा गावच्या गाडीचं तिकीट काढायच्या दिवशी पोर्ट ठेवू नका. प्रीपेडमधली शिल्लक आणि उरलेली मुदत जुन्या कंपनीकडेच राहते, त्यामुळे पॅक संपायच्या चार-पाच दिवस आधी सुरुवात करा. कुटुंब प्लॅनमधला प्रत्येक नंबर वेगळा पोर्ट करावा लागतो, आणि मुख्य नंबराचं बिल थकलेलं असेल तर जोडलेल्या नंबराचाही कोड अडतो. मुख्य नंबर शेवटी न्या.

अर्ज विनाकारण नाकारला तर १९८ वर तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जाता येतं. क्रमांक नसेल तर पुढे कुणी दाद घेत नाही.

पोर्ट झाल्यावर जुन्या पोस्टपेडचं उरलेल्या दिवसांचं शेवटचं बिल येतं. सिम बंद असल्यामुळे ते ईमेलवर येतं, म्हणून पत्ता आधीच तपासून ठेवा. ते थकलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीकडून नंबर बंद करवू शकते. बँकेतलं ऑटोपे हे बिल कापलं गेल्यावरच रद्द करा, आणि अनामत भरलेली असेल तर परतीची मागणी त्याच वेळी लेखी टाका.