बसस्टँडमागची लॅब, प्लेटलेट कमी असणाऱ्यांनी इथंच जावं
मले चार वर्षांपासून आयटीपी आहे, म्हणजे आपलंच शरीर आपल्या प्लेटलेट, रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, मारते. चांगल्या माणसाच्या दीड ते साडेचार लाख असतात, माझ्या कधी ६० हजार तर कधी १५ हजार. मागच्या दिवाळीत कापसाच्या बंडीत चढताना मांडीले जरासं लाकूड लागलं तर तळहाताएवढा निळा डाग पडला, मग हिरवा, मग पिवळा, पंधरा दिवस तेच. शेजारच्या बाया हळूच विचारतात, काहून वो, घरी मारते का? नवरा ते ऐकून जेवत नाही, मले त्याचंच जास्त वाईट वाटते.

तर लॅबचं सांगते. आधी जिथं जायची तिथं सुई काढली की पट्टी चिकटवून चला म्हणत, गावात येईस्तोवर हात कोपरापासून काळानिळा. इथले दादा घड्याळ पाहून दहा मिनिटं बोळा दाबून धरतात, मागं रांग असली तरी.

आन् खरी गोष्ट तर श्रावणातली. मशीननं ८ हजार दाखवले, मी तिथंच रडायले लागली, नवऱ्यानं नागपूरले जायले गाडी पण सांगून ठेवली. पण अंगावर नवा डाग नाही, हिरड्यातून रक्त नाही, म्हणून दादा म्हणाले ताई थांबा, स्लाइड पाहू द्या, म्हणजे काचेवर रक्त पसरवून दुर्बिणीखाली. जांभळ्या झाकणाच्या नळीत जे औषध असते त्यानं काही जणांच्या प्लेटलेट एकमेकीले चिकटतात, गठ्ठे होतात आन् मशीन ते मोजतच नाही. निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, त्यातल्या पातळ औषधानं रक्त जरा पातळ होते म्हणून आकडा दहा टक्के वाढवला, ५२ हजार निघाल्या! दुसऱ्यांदाचे पैसे घेतले नाहीत.

तक्रार एकच, दादा नसले की पोरगा मशीनचा आकडा तसाच व्हॉट्सअपवर पाठवून देते. आकडा एकदम पडलेला दिसला तर स्लाइड पाहिली का हे विचाराच. पण रक्त येत असलं तर विचारत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा. आन् बाजूच्या मेडिकलमधून अंगदुखीले ब्रुफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, आहे त्या प्लेटलेट पण नीट काम करत नाहीत त्यानं, मी डॉक्टरले विचारून पॅरासिटामॉलच घेते.

रविवारी बंद असते. सकाळी दहाच्या आत गेलं तर दुपारच्या एसटीआधी रिपोर्ट हातात मिळते.