पहिल्या घराच्या व्याजाची वजावट आणि विवरणपत्र भरून देणारी एक सशुल्क सेवा

आर्थिक वर्ष २०२४-२५चे माझे आयकर विवरणपत्र मी या वेळी स्वतः न भरता एका ऑनलाइन सशुल्क सेवेकडून भरून घेतले. शुल्क दीड हजार रुपये होते आणि त्यात करसल्लागाराशी एकदा फोनवर बोलण्याची सोय होती. नोकरदाराचे साधे विवरणपत्र कोणालाही घरबसल्या भरता येते, त्यामुळे हा खर्च मी एकाच कारणासाठी केला: पहिल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट. तेव्हा या सेवेचे मूल्यमापनही मी त्याच एका निकषावर करतो आहे.

आधी माझी परिस्थिती सांगणे भाग आहे, कारण या वजावटीत सारे काही तारखांवर ठरते. बँकेचे कर्जमंजुरीपत्र २४ मार्च २०२२चे आहे, पहिला हप्ता बिल्डरला ११ एप्रिल २०२२ रोजी वितरित झाला आणि घराचा ताबा नोव्हेंबर २०२३मध्ये मिळाला. मुद्रांक शुल्कासाठी धरलेले घराचे मूल्य साडेएकेचाळीस लाख रुपये आहे आणि मंजुरीच्या दिवशी माझ्या नावावर दुसरे कोणतेही घर नव्हते. वार्षिक पगार साडेतेरा लाख आहे. ८०सी या बचतीवरील वजावटीच्या कलमाची दीड लाखाची मर्यादा भविष्य निर्वाह निधी आणि कर्जाचे मुद्दल मिळून भरते, आणि आरोग्य विम्याचा हप्ता पंचवीस हजार रुपये आहे. बँकेच्या दाखल्यानुसार वर्षभराचे व्याज २,६४,३८० रुपये झाले.

स्वतः राहत असलेल्या घरासाठी कलम २४(बी)खाली वर्षाला जास्तीत जास्त दोन लाख रुपयांचे व्याज वजा होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यापलीकडच्या व्याजासाठी कलम ८०ईईएखाली दीड लाखापर्यंतची जादा वजावट आहे, परंतु ती फक्त १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात बँकेने किंवा गृहवित्त कंपनीने मंजूर केलेल्या कर्जांनाच मिळते, आणि घराचे मुद्रांक मूल्य पंचेचाळीस लाखांपेक्षा जास्त असून चालत नाही. त्यानंतर मंजूर झालेल्या कर्जांना ती नाही. मात्र ज्यांचे कर्ज त्या काळात मंजूर झाले, त्यांना ती कर्ज फिटेपर्यंत दरवर्षी घेता येते, आणि ही गोष्ट नेमकी त्याच लोकांच्या लक्षात राहत नाही. मीही त्यांच्यापैकीच एक होतो.

आता सेवेबद्दल. माहिती भरण्याचा पडदा सुटसुटीत आहे, फॉर्म १६ (मालकाने दिलेला पगार आणि करकपातीचा दाखला) चढवताच पगाराचे आकडे आपोआप भरले जातात, आणि सूचना मराठीत नसल्या तरी समजण्याजोग्या आहेत. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. खरी परीक्षा गृहकर्जाच्या पानावर होते. त्या पानावर ‘कर्जाची तारीख’ असा एकच रकाना होता. बँकेच्या खातेउताऱ्यात पहिल्या वितरणाची तारीख ठळक असते, म्हणून मी ११ एप्रिल २०२२ लिहिले, आणि प्रणालीने तत्क्षणी ८०ईईए नाकारून टाकले. कायदा मात्र मंजुरीची तारीख पाहतो, वितरणाची नव्हे. विवरणपत्राच्या त्या वर्षाच्या नमुन्यातही कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, कर्ज खाते क्रमांक, एकूण रक्कम, वर्षअखेरची बाकी यांच्याबरोबर मंजुरीचीच तारीख मागितली आहे. सरकारी नमुन्यात जो शब्द नेमका आहे, तो शुल्क घेणाऱ्या सेवेने मोघम का करावा, हे मला कळले नाही.

याचा परिणाम किरकोळ नव्हता. करदात्याला दोनपैकी एक करप्रणाली निवडता येते: वजावटी देणारी जुनी, किंवा कमी दरांची पण बहुतेक वजावटी नसलेली नवी. ८०ईईए वगळल्यावर जुन्या करप्रणालीत माझा कर १,००,८८० रुपये आणि नव्या करप्रणालीत ९८,८०० रुपये येत होता, त्यामुळे सेवेने हिरव्या अक्षरांत ‘नवी प्रणाली निवडा, २,०८० रुपये वाचवा’ असा सल्ला दिला. नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावटच नाही. म्हणजे ज्या कामासाठी मी पैसे मोजले, तेच काम त्या हिरव्या ओळीने निकालात काढले होते.

तारीख दुरुस्त केल्यावर दोन लाख रुपये २४(बी)मध्ये आणि उरलेले ६४,३८० रुपये ८०ईईएमध्ये गेले, आणि जुन्या प्रणालीतील कर ८७,४९० रुपयांवर आला. येथवर मी स्वतःच पोहोचलो होतो. पुढचे श्रेय मात्र फोनवरील करसल्लागार बाईंना द्यायला हवे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “साहेब, ताबा मिळण्याआधीचं व्याज कुठे दाखवलंय?” मी ते कुठेच दाखवले नव्हते, आणि पडद्यावर त्यासाठी रकाना असला तरी तो ‘इतर तपशील’ या घडीत मिटलेला होता.

ज्या आर्थिक वर्षात घर पूर्ण होते, त्याच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंत भरलेले व्याज ताबापूर्व व्याज धरले जाते आणि ते घर पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान भागांत वजा करता येते. माझे असे व्याज एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या काळातले १,८५,००० रुपये होते, म्हणजे दरवर्षी ३७,००० रुपये. हा हिस्सा दोन लाखांच्या मर्यादेच्या आतच धरावा लागतो, त्यामुळे मर्यादा आधीच भरलेल्या माणसाला त्याचा उपयोग काय, अशी शंका मी काढली. बाईंनी मांडणीच उलटी केली. आधी ३७,००० आणि चालू वर्षाच्या व्याजातले १,६३,००० मिळून २४(बी)चे दोन लाख पूर्ण करायचे, आणि चालू वर्षाचे उरलेले १,०१,३८० रुपये ८०ईईएमध्ये दाखवायचे. एकच रक्कम दोन्हीकडे घेता येत नाही, एवढे पथ्य पाळले की झाले. कर ७९,७९० रुपयांवर उतरला. शुल्काच्या पाचपट रक्कम एका प्रश्नात वाचली. गेल्या वर्षी मी नव्या प्रणालीत विवरणपत्र भरले होते, त्यामुळे पाचांतला पहिला हिस्सा मात्र हातचा गेला.

त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. कर्जात पत्नी सहकर्जदार आहे, पण घराच्या करारनाम्यात तिचे नाव नाही. तेव्हा ती हप्त्यात वाटा उचलत असली तरी तिला वजावट मागता येणार नाही. दोघे सहमालक आणि सहकर्जदार असते, तर दोघांनाही दोन-दोन लाखांची स्वतंत्र मर्यादा मिळाली असती. हे घर घेण्याआधी कोणी सांगितले असते तर, असे वाटून गेले खरे, पण तो दोष या सेवेचा नाही.

‘हे तुमचे पहिले घर आहे का?’ हा त्यांच्या पानावरील प्रश्नही दिशाभूल करणारा आहे. ८०ईईएची अट मंजुरीच्या दिवशी निवासी घर मालकीचे नसण्याची आहे. पूर्वीचे घर त्याआधीच विकून टाकलेल्या माणसाने प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर दिले, तर तो हकनाक वजावट गमावून बसेल.

म्हणून माझे मत असे, की प्रणालीला पाचपैकी दोन आणि फोनवरील सल्ल्याला साडेचार गुण द्यावेत. फोनची सोय नसलेला स्वस्त पर्यायही त्यांच्याकडे आहे, परंतु गृहकर्ज असणाऱ्याने तो घेऊ नये. फोन करताना मंजुरीपत्र, ताबापत्र, करारनामा आणि कर्ज सुरू झाल्यापासूनचे प्रत्येक वर्षाचे व्याजाचे दाखले समोर असावेत. आणि हे सारे मुदतीच्या आत करावे, कारण मुदत टळल्यावर भरलेल्या विवरणपत्रात जुनी प्रणाली निवडताच येत नाही.

सेवेने पुढील वर्षासाठी सवलतीत नूतनीकरणाचा देकार आताच पाठवला आहे. मी तो स्वीकारलेला नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६पासून नव्या प्रणालीचे टप्पे बदलले आहेत, आणि याच पगारावर तेथे माझा कर ७४,१०० रुपये येतो. म्हणजे ८०ईईए आणि ताबापूर्व व्याज धरूनही जुनी प्रणाली मला महाग पडेल.